दानम्माच्या पत्र्यावरचे दगड

भूकंपानंतर नव्या जागी बसवलेल्या गावाला किल्लारीच्या आसपास अजूनही 'नवं गाव' म्हणतात, मग घरांचा गिलावा पडायला का आलेला असेना. अशाच एका नव्या गावात दानम्माचं घर आहे. मागं सरकारनं बांधून दिलेली स्लॅबची खोली, पुढं पत्र्याचं शेड. शेडमध्ये चूल, देव, बाज आणि दानम्मा. स्लॅबखाली ज्वारीची पोती. सगळ्यात भक्कम छत पोत्यांना दिलंय म्हणून गल्ली तिला हसायची.

हसण्यात शेषेराव पुढं. पलीकडच्या घरचा, पानटपरीवर बसून गावाला शहाणं करणारा. त्याच्या स्वतःच्या ढोरांच्या गोठ्यावरही पत्राच होता, पण ते तो धरायचा नाही.

"मावशी, पत्रा विजेला बोलवतंय म्हणं," तो कुडावरून मान काढून म्हणायचा.

"तो मोबाईलचा टावर कशाचा हाय? लाकडाचा? त्येला सोडून वीज माझ्याकडं जेवायला येणार हाय का?"

"उन्हाळ्यात भाजून निघताव की."

"वर पाचट टाकलंय. तू तुझ्या स्लॅबखाली रात्रभर वारा घालत बसतुस, ते दिसतंय मला."

पत्रा म्हणजे गरिबी, हेही गावाचं एक ठाम मत. मुलगा शिवशंकर लग्नाचा झाला तेव्हा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी पोती शेडात आली आणि दानम्माचा संसार स्लॅबखाली गेला. सिंधुच्या वडलांनी छताकडं बघून चहा घेतला आणि सोयरीक जुळली. लग्न होऊन सिंधु उंबरा ओलांडून आत आली, तर सासूबाई पत्र्याखाली आणि पोती परत आपल्या मुक्कामी. शेषेरावानं ही गोष्ट औशाच्या बाजारापर्यंत पोचवली.

तिच्या हट्टामागचं कारण मात्र कुणी टपरीवर चघळत नसे. जुन्या गावात तिचं घर माळवदाचं होतं. दगडाच्या भिंती, वर लाकडी पटई, पटईवर पांढऱ्या मातीचा थर. दरसाल मृगाआधी नवरा वर चढायचा आणि गळू नये म्हणून आणखी माती टाकायचा. नीटनेटका माणूस. शेजाऱ्यांच्या माळवदावर गवत उगवायचं, ह्याच्या नाही. भूकंप झाला त्या पहाटे दानम्मा पोटुशी होती. आत गुदमरतंय म्हणून अंगणात बाजेवर झोपली होती. नवरा आणि दोन्ही पोरी आत होत्या. त्या नीटनेटक्या मातीखालून त्यांना काढायला लोकांना दुपार झाली.

शिवशंकर जन्मला तो मदतीच्या शेडात, पत्र्याखाली. पहिला पाऊस पत्र्यावर वाजला तेव्हा बाळ दचकलं, आणि ती म्हणाली, "वाजू दे. वाजतंय ते पडत न्हाई." तेव्हापासून तिचा हाच मंत्र. पत्रा हलका. पडला तरी माणूस मरत नाही.

इतरांच्या सगळ्या समजुती मोडून काढणाऱ्या दानम्माची स्वतःची एक समजूत होती. पत्र्याला भोक पाडलं की घर गळणारच.

"अव्वा, हूक मारून घेऊ," शिवशंकर म्हणायचा. "रबराचं वायसर बसवतेत, थेंब येत न्हाई."

"चांगल्या पत्र्याला भोकं पाडायची? तुझ्या बापाचा जल्म गळती बुजवण्यात गेला."

"मग वाऱ्यानं उडंल की."

"दगड हायत."

दगड होतेच, साऱ्या गावाच्या पत्र्यावर असतात तसे. फक्त इतरांनी नाल्यातले, बांधावरचे आणले होते आणि दानम्माचे जुन्या गावठाणातले होते, जिथं आता बाभळी माजल्यात. ट्रॅक्टर घेऊन ती स्वतः गेली आणि आपल्याच घराच्या पडक्या भिंतीतले काळे दगड वेचून आणले. आपले सोडून दुसऱ्याचे कशाला. त्यात दिवळीचा दगडही होता, दिवा ठेवायच्या कोनाड्याचा. तेलाचा डाग त्यात असा मुरला होता की पावसानंही गेला नव्हता. त्या दिवळीखाली तिच्या पोरी झोपायच्या. तो दगड तिनं बरोबर बाजेच्या वर ठेवायला लावला.

"घर सोबत असल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. शिवशंकरनं ठेवला.

नात रुद्राणी झाली आणि घरात वाद पेटला. पोरीनं झोपायचं कुठं? सिंधु म्हणायची, "आत्याबाई, आभाळ आलं की ती माझ्याबरं स्लॅबखाली. वीज काय सांगून येती का?" दानम्मा म्हणायची, "स्लॅबखाली दोन पोरी गेल्या माझ्या." ते माळवद होतं, स्लॅब नव्हता, हे सिंधुला कळत होतं. पण सासूचा चेहरा बघून बोलायची सोय नव्हती. शेवटी तह झाला. उघडीप असली की पोर आजीची, ढग आले की आईची. पोती सरकवून सिंधुनं आत जागा केली.

वैशाखात एका दुपारी वावधान सुटलं. सिंधुनं रुद्राणीला उचलून स्लॅबखाली नेलं आणि दार लावलं. वारा असा आला की ते दार, खिडक्या, कोपऱ्यातली भांडी, सगळं थडथडायला लागलं. शेडात बसलेल्या दानम्माला तो आवाज ओळखीचा वाटला. भांडी आधी वाजतात, मग भिंती.

तिनं दार लोटलं. "पोरगी दे."

"आत्याबाई, वारा हाय नुसता."

"भांडी वाजायलीत, ऐकू येईना का तुला? दे इकडं."

सिंधुच्या हातातून तिनं पोर ओढून घेतली आणि शेडात पळाली. बाजेवर बसून तिला पोटाशी धरलं. "आता भ्या न्हाई. हे हलकं असतंय."

पत्रा एका बाजूनं उचलला गेला. वर हूक असता तर कुरकुरून थांबला असता. तो कागदासारखा मागं वळला आणि दगड घरंगळत आत आले. दानम्मानं वर पाहिलं आणि नातीवर वाकली. एवढंच तिला करता आलं. पत्रा पलीकडच्या रानात जाऊन पडला. त्यानं कुणाचं काही बिघडवलं नाही.

रुद्राणीच्या कपाळाला खरचटलं. दानम्माचं खुब्याचं हाड गेलं आणि पाठीत काहीतरी कायमचं मोडलं. तिला उचलताना शिवशंकरनं बाजूला ढकलला तो दिवळीचा दगड होता. तिनंही तो पाहिला.

लातूरच्या दवाखान्यातून तिला आणलं ते थेट स्लॅबखाली. दुसरी जागाच नव्हती. आता ती उताणी पडून असते आणि दिवसभर छत डोळ्यांसमोर असतं. दुपारी रुद्राणी शेजारी येऊन झोपते, तेव्हा दानम्माचा हात पोरीच्या डोक्यावर आडवा धरलेला असतो. पोर उठेपर्यंत तो खाली येत नाही.

गावानं आपला धडा घेतला. टपरीवर ठरलं की पत्रा वाईटच, आणि ज्यांना तो बदलता येत नाही त्यांनी वजन वाढवावं. मृगाच्या तोंडावर दानम्माला खिडकीतून शेषेराव दिसला. गोठ्यावर चढून नवे दगड रचत होता. खाली गोठ्यात त्याची म्हातारी आई सावलीला बसली होती.

"शेषेराव," तिनं हाक मारली. "दगड उतरीव बाबा. हूक मार. पडू दे भोकं."

त्यानं कमरेवर हात ठेवून वळून पाहिलं. आज त्याला थट्टा सुचली नाही. आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलला.

"मावशी, चांगल्या पत्र्याला भोकं पाडायची? तुम्हीच म्हणायचाव की."

"ते खोटं होतं रं."

"बरं, बरं. पडा तुम्ही," तो म्हणाला, आणि पुढचा दगड वर घ्यायला वाकला.