वॉल्टर अंकल आणि थंड पत्रा

किनाऱ्यावरच्या आमच्या जामसंड्यात कुणाचा पंखा, मिक्सर किंवा टीव्ही गप्प झाला की तो आधी वॉल्टर अंकलांच्या दुकानात जातो. अंकलांनी नकाराची मान हलवली तरच भंगारात. तरुणपणी ते म्हापशाला एका रेडिओवाल्याकडे काम शिकले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले: सोल्डरिंगचा सफाईदार हात आणि खाऱ्या वाऱ्याबद्दलचा कायमचा संशय. दुसरी गोष्ट अगदीच खोटी नाही. आमच्याकडे नवी कडी दोन पावसाळ्यांत तांबडी होते, तिथे सर्किटमधल्या बारीक तारांची काय कथा.

म्हणून अंकल दुरुस्त केलेल्या प्रत्येक बोर्डाला वॉर्निश लावतात. तेही साधं नव्हे. सावंतवाडीच्या एका खेळणीवाल्याकडून बाटली येते. लाकडी आंब्या-केळ्यांवर चकाकी येते ती त्याच्यामुळे. अंकलांनी दुरुस्त केलेला रेडिओ उघडला तर आत रुखवतात मांडण्याजोगा माल दिसतो.

त्यांच्या बायकोचं, इमेल्डा आंटींचं, खाऱ्या वाऱ्याशी वेगळं युद्ध चालू आहे. त्या क्रोशाचे रुमाल विणतात आणि घरातल्या प्रत्येक यंत्रावर घालतात. दुकानातलं माप घेण्याचं मीटरसुद्धा झालरीखाली झोपतं.

माझी बहीण विनीता या दोघांच्या तावडीत सापडली ती गेल्या हिवाळ्यात. तिला अंडी उबवायची पेटी हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांची सर्किटं दुरुस्त केलेल्या अंकलांना पहिल्यांदाच स्वतःचं सर्किट करायची संधी मिळाली. त्यांनी जुन्या फ्रीजच्या खोक्यात दोन बल्ब आणि एक पंखा बसवला, आणि उष्णता साडेसदतीस अंशांवर धरून ठेवणारा बोर्ड स्वतः आखला. कौतुकाने त्याला वॉर्निशचे तीन थर दिले. आंटींनी बोर्डाच्या डबीवर गुलाबी रुमाल घातला. पेटी नवरीसारखी सजून आमच्या पडवीत आली.

पहिल्या खेपेला साठ अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. अंडी जुनी असतील, असं सगळ्यांनी ठरवलं. विनीताने ऐकून घेतलं. दुसऱ्या खेपेला मात्र तिने वाडीतल्या बायकांकडून गावठी कोंबड्यांची साठ ताजी अंडी मागून आणली. प्रत्येकीने आपल्या अंड्यावर पेन्सिलीने नाव घातलं. मथुराकाकींनी तर त्यांची एकुलती खुडूक कोंबडी खुराड्याबाहेर काढून तिच्याखाली कालच ठेवलेली बारा अंडी दिली. आता पिल्लं निघाली नाहीत, तर विहिरीवर विनीताला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

पाचव्या दिवशी ती कामाला जायची त्या आंब्याच्या पॅकिंगला सुट्टी होती म्हणून ती दुपारी घरी राहिली आणि तिला कळलं, पेटी बारानंतर मरते. बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उठत नाही. म्हणजे पहिल्या खेपेला रोज आणि या खेपेला चार दिवस, घरात कुणी नसताना, ती संध्याकाळी येईपर्यंत अंडी गारठत होती. संध्याकाळी आल्यावर दमलेला जीव सवयीने बटण खालीवर करायचा, आणि लाईट गेली असेल असं समजायचा.

अंकलांनीही आधी लाईटवरच ठपका ठेवला. दुपारी व्होल्टेज पडतं म्हणून त्यांनी दुकानातला स्टॅबिलायझर आणून लावला. दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले आणि पेटी मेली. मग त्यांची नजर गुलाबी रुमालावर गेली. एवढं कोंडून ठेवल्यावर कुणीही गुदमरेल, असं ते भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. रुमाल घडी होऊन घरी परतला. आंटींनी त्या दिवशी जेवण वाढलं, पण बोलल्या नाहीत. आमच्याकडे त्याला वादळाचा इशारा म्हणतात.

त्याच्या पुढच्या दिवशी रुमालाशिवायही पेटी मेलीच.

मग रविवार आला. चर्चमधली मिसा आटपून दोघंही आमच्याकडे आले. आंटी अजून अबोलाच धरून होत्या, पण रुमालाचा निकाल त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. अंकलांनी डबी उघडली, मीटरच्या सुया टेकवल्या आणि स्टुलावर बसले. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा, नखाएवढा एक रेग्युलेटर त्या बोर्डावर होता. उरलेल्या व्होल्टची उष्णता होते, ती पसरून जावी म्हणून त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमचा जाड पत्रा स्क्रूने आवळलेला होता. विनीता घोंगडी हातात घेऊन तयार उभी होती. पेटी मेली की अंडी झाकायला.

बारा वाजून वीस मिनिटांनी मीटरवरचा पाच साडेचार झाला, मग तीन. पंखा थांबला. अंकलांनी रेग्युलेटरला बोट लावलं आणि झटकन तोंडात घातलं.

"भट्टी झालीहा," ते म्हणाले. "लायटीचा नाय, हेचाच दुखणा."

आंटींनी वाकून पत्र्याला बोट लावलं. मग सगळा तळवा ठेवला. दोन दिवसांचा अबोला त्यांनी एका वाक्यात मोडला.

"ह्यो पत्रो तर थंड आसा रे. तवो तापलो आणि भाकरी कच्ची, असा कसा?"

अंकल स्टुलावरून उठले. त्यांनी पेटीची वायर काढली आणि स्क्रू सोडवला. रेग्युलेटरची पाठ चकाकत होती. पत्र्याचं पोटही. सावंतवाडीची सुंदर चकाकी, दोन्हीकडे तीन-तीन थर, आणि त्यात अडकलेली उष्णता; दुपारी पडवी तापली की तिला जायला वाटच उरत नव्हती. इतक्या वर्षांत त्यांचं वॉर्निश कधी नडलं नव्हतं, कारण दुसऱ्याने जुळवलेले जोड उघडायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. हे सर्किट मात्र त्यांचं स्वतःचं होतं, आणि जोडण्याआधीच त्यांनी प्रत्येक तुकडा प्रेमाने रंगवला होता.

"रुमालाचो काय गुन्हो नव्हतो," ते खाली बघत म्हणाले.

"माका ठाऊक होता," आंटी म्हणाल्या. "जोरान सांग. विनीतान आयकूक नाय."

अंकलांनी पुन्हा सांगितलं, जोरात. मग ब्लेडने दोन्ही बाजू खरवडल्या, मध्ये उष्णता पुढे नेणारी पांढरी पेस्ट चोपडली आणि स्क्रू आवळला. विनीताने घोंगडी काढली. पेटी सुरू झाली. आम्ही चौघं त्या पत्र्याकडे दूध उतू जायची वाट पाहावी तसे बघत बसलो. दहा मिनिटांनी पत्रा कोमट झाला, वीस मिनिटांनी चांगलाच गरम. पत्रा गरम झाल्याचा इतका आनंद मी कुणालाही झालेला पाहिलेला नाही. एक वाजला, दोन वाजले, तीन. मीटर पाचावरून हललं नाही. विनीता पायरीवर बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्याली.

एकविसाव्या दिवशी सकाळी मथुराकाकींच्या एका अंड्याला आतून टोच बसली. संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस पिल्लं झाली. काकी पिल्लं न्यायला आल्या तेव्हा त्यांची कोंबडी अजून रागातच होती, पण काकी नव्हत्या.

अंकल अजूनही सगळ्याला वॉर्निश लावतात. फक्त आधी स्क्रू आवळतात. गुलाबी रुमाल पेटीकडे परत आलाय, पण डबीपासून वीतभर लांब, पिल्लांच्या टोपलीवर. ही जागा आंटींनीच ठरवली. अंकलांनी हरकत घेतली नाही.