आईचा वाफा आणि माझी भिंत

प्लेन दे पपाय या आमच्या बेटावरच्या गावात आमच्या घरामागे लगेच उसाचं शेत लागायचं. बागेला जागा उरायची ती न्हाणीघर आणि कुंपण यांच्यामधली. तिथं आईनं आयुष्यभर उकिडवं बसून भाजी लावली. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली आणि तेर रूज गावात दिलेली माझी थोरली बहीण दर रविवारी येऊन म्हणू लागली, "आई, आता चल माझ्याकडे. सगळं अंगण सिमेंटचं आहे, कामच नाही."

आईला नेमकं तेच नको होतं. "माज्या हातची भाजी माज्या टोपात पडते तवर मी हितंच," ती म्हणायची. "नाय जमलं, तर येते."

म्हणजे प्रश्न सरळ होता. तो सोडवायला घरात फक्त मी होतो, हे तिचं दुर्दैव.

मी बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. संपाची, भाषेची, जमिनीच्या हक्काची, मिळतील ती. आईनं काय हवं ते स्वच्छ सांगितलं होतं: दगड रचून खुर्चीइतका उंच वाफा, कडेवर बसलं की हात मातीत गेला पाहिजे. दगड शेताच्या कडेला ढिगांनी पडले होते. उसासाठी जमीन साफ करताना आमच्याच पणज्यांनी ते वेचले होते. पण ढीग उसाच्या मळ्याच्या, म्हणजे इस्टेटीच्या, हद्दीत. न विचारता आणले तर चोरी, विचारून आणले तर लाचारी. पणजोबांनी उचललेला दगड मी इस्टेटीच्या साहेबाकडे मागायचा? मी ठाम नकार दिला.

"बरं," आई म्हणाली. "मग तुज्या नकारावर बसून लावते भाजी."

त्याच सुमारास शहरातल्या गच्च्यांसाठी लिहिलेलं एक फ्रेंच पत्रक माझ्या हाती पडलं. भिंतीवरची उभी बाग! मला घोषणा तिथल्या तिथे सुचली: जमीन त्यांची, भिंत आपली. आडवा पसरणारा वाफा हा जमीनदारी विचार आणि उभी भिंत ही भूमिहीनांची शेती, हे मी आईला अर्धा तास समजावलं. ती वाल सोलत होती.

"पाणी कोण घालणार?"

"सगळे मिळून," मी म्हणालो. घरात आम्ही दोघंच होतो.

तेलाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून मी ते न्हाणीघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर पाच ओळींत टांगले. दुपारी भिंत तापायची आणि वरची कोथिंबीर वाळायची. वरून ओतलेलं पाणी डब्याडब्यातून गळत तळाच्या ओळीत साचायचं आणि तिथली ब्रेद, म्हणजे आमची रोजची पालेभाजी, कुजायची. मधल्या ओळीत काय उगवलं तेवढंच. शिवाय उंची मी माझ्या हातानं मोजली होती आणि आई माझ्या खांद्याला लागत होती. एके दिवशी ती स्टुलावर चढली. उतरताना गुडघा असा मुरगळला की तीन दिवस ती खाटेवर होती. मी तेव्हा सभेला गेलो होतो. विषय होता कष्टकरी स्त्रियांचे प्रश्न.

आईबरोबर वर्षानुवर्षं उसाच्या खुरपणीला गेलेली शेजारची मावशी तिला बघायला आली आणि आधी भिंतीसमोर थांबली.

"आयो, गेत ली!" ती क्रेओलमध्ये ओरडली. "बघा तरी याला! म्हातारीची भाजी वर टांगलीस व्हय रं? ती काय माकड हाय?"

"मावशी, हे आधुनिक..."

"वाफा का नाय केलास?"

मी सगळं तत्त्व मांडलं. चोरी, लाचारी, पणजोबा.

"सरदाराला इचारलंस?"

"विचारायचा प्रश्नच येत नाही."

"म्हंजी नाय इचारलंस."

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना खुरपणीच्या टोळीतल्या बायका डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एकेक दगड अशा आमच्या फाटकातून आत आल्या. मावशीनं विचारल्यावर मजुरांवर देखरेख करणारा सरदार म्हणाला होता, "न्या, न्या, ढीग हटला तर उसाची आणखी एक सरी बसेल." ज्या एकजुटीवर मी चार पानी पत्रक लिहिलं होतं, ती आठवडाभर रोज संध्याकाळी येत होती आणि मला सांगत होती, "बाजूला हो, पाय चेचेल."

पहिला दगड ठेवण्याआधी मावशीनं आईला खुर्चीत बसवलं आणि हात पुढे करायला लावला. बोटं पोचली तिथं काठी रोवली. झाली रुंदी. फ्रेंच पत्रकात सगळी मापं होती, पण आईचा हात नव्हता, आणि मलाही तो बघावासा वाटला नव्हता. मला त्यांनी माती आणि शेणखत ओढायला जुंपलं. माझ्या विचारसरणीला तेवढंच झेपणार होतं.

वाफ्यातही खोट निघाली. दगडांच्या फटींत मुठीएवढ्या गोगलगायी शिरल्या आणि रोपं खाऊ लागल्या. भिंतीवर एकही आली नव्हती, हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

"तिथं खायला काय होतं?" आई म्हणाली, आणि हात पुढे करून एक उचलून बादलीत टाकली. बसल्या जागेवरून.

महिना-दीड महिन्यानं एका रविवारी ताई पिशवी घेऊनच आली, आईचे कपडे भरायला. आई वाफ्याच्या कडेवर बसून ब्रेद खुडत होती. ताई तिच्या शेजारी टेकली.

"पिशवी आणलीस ते बरं केलंस," आई म्हणाली आणि ती भाजीनं भरली.

तेर रूजची बस आली तेव्हा ताई एकटीच चढली.