केळीचा चीक आणि दहावीचा वर्ग

ती घटना आजही आठवली की आधी माझी मलाच लाज वाटते आणि मग त्या गुरुजींचं कौतुक. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी जळगाव तालुक्यात फौजदार होतो. एका गावात एका शेतकऱ्याची केळीची उभी बाग कोणीतरी कोयत्याने कापून टाकली. शेजारच्या शेतकऱ्याने ठाण्यावर येऊन खबर दिली, "मी माझ्या विहिरीवरून पाह्यलं साहेब. त्यायचाच सालदार होता."

सालदाराच्या घरातून केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा पंचांसमक्ष जप्त केला आणि त्याला बेड्या घालून आणलं. दोन दिवस चौकशी केली. तो एकच सांगे, "मी नाही कापली साहेब. अखाजी महिन्यावर आली, आता मले कोन ठेवीन?" अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, नवं साल ठरतं. डाग लागलेल्या माणसाला कोणी दारात उभं करणार नाही, हे मलाही कळत होतं. पण पुरावा भक्कम वाटत होता.

त्याच आठवड्यात तिथल्या हायस्कूलच्या गुरुजींनी मला दहावीच्या वर्गापुढे बोलायला बोलावलं. मी ऐटीत हीच केस सांगितली. गुरुजी मुलांना म्हणाले, "आता हा पुरावा तपासा. साहेब आहेत म्हणून सूट देऊ नका."

एक मुलगी उठली. "साहेब, आपल्या गावात बिनडागाचा सदरा कोनाचा हाये?"

वर्ग हसला. गुरुजींनी आपली बाही पुढे केली, तिच्यावरही चिकाचे डाग होते. मागून एक मुलगा म्हणाला, "म्हंजे सालदार सुटला."

गुरुजींनी त्यालाही अडवलं. "ते कुठे सिद्ध झालं? सदऱ्यावरून काहीच ठरत नाही, एवढंच सिद्ध झालं. मग उरलं काय?"

"विहिरीवरून पाह्यलं, ते," तीच मुलगी म्हणाली. "तठून दिसतं का, ते साहेबांनी पाह्यलं का?"

मी पाहिलं नव्हतं. वर्गापुढे तसं कबूल केलं.

शाळेतून निघालो तो थेट खबर देणाऱ्याला घेऊन त्याच्या विहिरीवर गेलो. विहीर आणि त्या कापलेल्या बागेच्या मध्ये त्याचीच केळी डोक्याच्या वर वाढलेली. "दाखव, कुठून पाहिलंस?" त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळं कबूल केलं. बागेच्या मालकाशी पाटाच्या पाण्यावरून जुनं भांडण होतं, बाग त्यानेच कापली होती.

सालदाराला सोडलं आणि गुरुजींचे आभार मानायला गेलो. ते म्हणाले, "आभार राहू द्या. सालदाराला बेड्या घालून भर चावडीवरून नेलंत, सुटल्याचंही तिथेच सांगा." दुसऱ्या दिवशी गणवेशात चावडीवर उभा राहिलो आणि चूक माझी होती, असं सांगितलं. अखाजीला बागेच्या मालकाने सालदाराला पुन्हा सालाने ठेवलं.

खात्याच्या प्रशिक्षणात मी पुष्कळ शिकलो. पण दहावीच्या वर्गातला तो एक तास चुकला असता, तर एका निरपराध माणसाला मी मोठ्या समाधानाने तुरुंगात धाडलं असतं.