चार मिनिटं कोरी

माझ्या धाकट्या भावाला सीडीच्या दुकानात सगळे 'जादा' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठ वळली की. कारण हा बाबा दुकानात पाऊल टाकतो न टाकतो तोच विचारायचा, "नव्या आवृत्तीत जादा गाणी कोणती?" कसे आहात, बरे आहात, काही नाही. दुकानदार यादी वाचून दाखवायचा, हा मान हलवायचा, तरीही ती आवृत्ती घेऊनच घरी यायचा आणि पुढे आठवडाभर कंपनीच्या नावाने खडे फोडायचा.

पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात तो प्रेसवर होता. एकतीस वर्षं. लोखंडी ठोकळा धाडकन खाली आला की डब्याचं झाकण तयार, मिनिटाला बावीस वेळा. मी इस्पितळात टेलिफोनवर बसायचे. म्हणजे एक भाऊ ओरडून बोलणारा आणि एक बहीण कुजबुजणारी. आई वैतागून म्हणायची, "अरे, तुझ्यातला थोडा आवाज हिला दे रे!"

तर गोष्ट अशी, की तो वीस वर्षांचा असताना मीच त्याला गाणाऱ्या-वाजवणाऱ्या एका चौघांच्या कार्यक्रमाला नेलं होतं. उघडं मैदान, आम्ही अगदी शेवटच्या रांगेत. कार्यक्रम संपला, लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले, आणि ती मंडळी पुन्हा मंचावर आली. जे गाणं त्यांनी म्हटलं ते त्यांच्या तबकडीवर नव्हतं. गाणाऱ्या बाईने दोन कडवी म्हटली, ढोल थांबला, आणि मग बासरीवाला एकटाच वाजवत राहिला. वीतभर बासरी, आवाज टाचणीसारखा बारीक. उठलेली माणसं होती तिथेच उभी राहिली. आणि माझा भाऊ, शाळेत छड्या खाऊनही ज्याने कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तो ढसाढसा रडत होता. मी घाबरले. "अरे, काय होतंय तुला?" तर म्हणाला, "काही नाही गं ताई. छान वाटतंय."

पुढच्याच वर्षी बासरीवाला वारला. चौघांचे तिघे झाले आणि तिघांचं काहीच झालं नाही. राहिला तो त्यांचा एकुलता एक अल्बम, आणि त्यात ते गाणं नाही.

कंपनीने मात्र त्या एका अल्बमवर चाळीस वर्षं पोळी भाजून घेतली. आधी तबकडी, मग कॅसेट, मग सीडी, 'दोन जादा गाण्यांसह'. ती जादा गाणी म्हणजे जुनंच गाणं, फक्त ढोलाशिवाय! मग विशेष आवृत्ती. मग संग्राह्य आवृत्ती, जाड पुठ्ठ्याच्या डब्यात, आत फोटो. मग आली अंतिम आवृत्ती. अंतिम म्हणे! दोनच वर्षांत तिच्यामागून परिपूर्ण आवृत्ती हजर. म्हणजे अंतिम झालं तरी ते अपूर्णच होतं की काय, मेल्यांनो? प्रत्येक वेळी माझा भाऊ आशेने झाकण उघडायचा, मागची यादी बोट फिरवत वाचायचा, आणि त्याचा चेहरा एवढासा व्हायचा.

"असं गाणंच नसेल हो," भावजय एकदा मला म्हणाली. "वन्सं, खरं सांगा, ह्यांना भास तर नाही ना झाला?"

"मी होते ना तिथे!" मी तिच्या अंगावर ओरडलेच. जगात त्या गाण्याचे आम्ही दोनच साक्षीदार उरलो होतो. त्यामुळे त्याचं भांडण ते माझंही भांडण.

निवृत्त झाल्यावर तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आला. तेव्हापासून त्याची एक नवीन तक्रार सुरू झाली. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. बँकेतली मुलगी पुटपुटते, बातम्या देणारा पुटपुटतो, दाराची बेल पूर्वीसारखी बनवत नाहीत. मी म्हणायचे, "अरे, कान दाखव एकदा." तर म्हणायचा, "माझे कान? मी प्रेसच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस!" आणि ते खरंही होतं, म्हणून मी गप्प बसायचे. मी गप्प बसायला नको होतं.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली. मागच्या यादीत शेवटी लिहिलेलं: 'मैदानातील ध्वनिमुद्रण, प्रथमच.' श्रोत्यांपैकी कोणीतरी केलेलं, कुठल्याशा माळ्यावर सापडलेलं. तो दुकानातून मला फोनवर इतका ओरडून सांगत होता की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धाडधाड जिना उतरून खाली आला. दाढी नाही, शर्टाची बटणं वरखाली. हातात कागद.

"ताई, इथे सही कर. साक्षीदार म्हणून."

"कसली सही? गाणं आहे ना तेच?"

"तेच आहे. आणि बासरी काढून टाकलीय! बाई गाते, ढोल थांबतो, आणि पुढे चार मिनिटं कोरी. चार मिनिटं शांतता विकलीय चोरांनी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कागदावर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'महोदय, आपण श्रोत्यांस बहिरे समजता काय?' मी पेन उघडलंसुद्धा. पण आयुष्यभर टेलिफोनवर बसलेली मी, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय हो म्हणायची सवय नाही. म्हटलं, "चल, आधी मला ऐकव, मग दोन सह्या करते."

वर गेले तर भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी. डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली, नको म्हणून. मला काही कळेना. त्याने प्लेअर लावला.

बाई गायली. ढोल थांबला. आणि बासरी सुरू झाली.

लांबून येत होती, खुर्च्यांच्या खरखरीतून, पण स्वच्छ. तेच. अगदी तेच. मला चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं, आणि एका वळणावर माझ्या तोंडून निघून गेलं, "वा!"

जीभ चावली मी. पण वेळ निघून गेली होती. तो माझ्याकडे बघत होता.

"वा कशाला म्हणालीस?"

मी हातातलं पेन बंद केलं.

"ताई, वा कशाला म्हणालीस?"

भावजयीने पदर तोंडाला लावला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिलाही येतंय ऐकू?" त्याने विचारलं. ती रडायलाच लागली. काल रात्रीपासून तिने ते पोटात ठेवलं होतं बिचारीने.

मला वाटलं, हा आता चिडेल, आम्हालाही शिव्या घालेल. मी मनातून तेच मागत होते. पण त्याने ते तक्रारीचं पत्र घेतलं, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. "त्यांनी दिलं होतं तर," म्हणाला. "मी उगाच शिव्या घातल्या." मग सरळ माझ्यासमोर येऊन बसला. "पुन्हा लावतो. तू सांगत राहा, काय वाजतंय ते. पुटपुटू नकोस."

बाई गायली. ढोल थांबला. त्याने डोळे मिटले.

"लागली," मी मोठ्याने म्हटलं. "सावकाश आहे."

"मैदानात होती तशीच?"

"तशीच. आता वर चाललीय. आता थरथरतेय. थांबल्यासारखी झाली, नाही, परत निघाली."

त्याच्या ओठांवर हसू होतं. तो डोलत होता, माझ्या बोलण्यावर. आणि मग बासरी तिथे पोचली, जिथे त्या दिवशी निघालेले लोक उभे राहिले होते, आणि मी सांगायचं विसरूनच गेले. मी नुसती तोंड उघडून बसले.

त्याने जरा वाट पाहिली.

"संपली होय?" असं म्हणून त्याने डोळे पुसले, हात लांब केला आणि प्लेअर बंद केला.

अजून अडीच मिनिटं बाकी होती.