टॉवेल कॅमेऱ्यात आला नाही

बॉक्सिंगमध्ये पडलेल्या माणसाचं पहिलं काम म्हणजे पडून राहणं. रेफरी दहापर्यंत मोजतो. आठ होईपर्यंत एक गुडघा टेकून बसायचं, श्वास घ्यायचा, डोकं ठिकाणावर आलं की मग उठायचं. मी रोह्यात इतकी वर्षं शिकवतोय, पण एवढी साधी गोष्ट आमच्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही, कारण सगळे येतात कबड्डीतून. कबड्डीत पडून राहिला तो मेला. छातीवर चार जण बसले तरी दम न सोडता रेषेकडे सरकायचं, हे आमच्याकडे चालायला लागल्यापासून शिकवतात.

माझा चुलतभाऊ या बाबतीत सगळ्यांचा बाप. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावातला नावाजलेला चढाईपटू, मिठागरात घमेली उचलून खांदे कमावलेला. सरावात पाडला की तीन म्हणायच्या आत उभा. वर ठोसे खाताना तोंड मिटून दम धरायचा, जसा काही श्वास सुटला तर बादच होणार होता. मी चिडून त्याच्या पोटात गुद्दे घालायचो, श्वास सोड गाढवा, म्हणायचो. तो हसायचा. जित्याची खोड.

आमच्या वेळी लढती फुकट असायच्या. जत्रेच्या दिवशी कबड्डीच्या मैदानात चार खांब रोवून दोर बांधायचे, झाली रिंग. माणसं दोराला छाती लावून उभी. माझं नाक तिथेच मोडलं. हाडाचा आवाज आधी आला, दुखणं नंतर, आणि रक्त उडालं ते थेट माझ्या आईच्या पदरावर. तिने दोराखालून हात घालून समोरच्याचा घोटा धरला तो सोडेचना. रेफरी म्हणाला, मावशी, सोडा. ती म्हणाली, आधी हे थांबव. लढत थांबली, मी हरलो आणि वर्षभर गावाने माझी टर उडवली. हरलेल्यालाही शाल आणि नारळ मिळायचा. आता शाल-नारळावर पोट भरत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

म्हणून पनवेलकडचा एक आयोजक आला आणि लोक मोबाईलवर एकेका लढतीचे पैसे भरून बघतील, त्यातला वाटा लढणाऱ्याला मिळेल, असं म्हणाला तेव्हा मी नाक मुरडलं नाही. रक्त सांडणाऱ्याला चार पैसे मिळाले तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. भाऊ नागोठण्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, शिफ्ट संपवून सरावाला यायचा. त्याला कंपनी सोडून फक्त लढायचं होतं. या लढतीत नाव झालं तर पुढच्या मिळणार होत्या.

रोह्याबाहेरचा लग्नाचा हॉल होता. रिंगभोवती एकही खुर्ची नव्हती, नुसते कॅमेरे आणि दिवे. तिकडे गावात समाजमंदिरात पडदा लावला होता. एकाच मोबाईलवर पैसे भरून सगळं गाव बघत होतं, आणि पुढच्या रांगेत काकी, म्हणजे त्याची आई.

समोरचा गडी चांगलाच जड होता. मी आयोजकाला तसं सांगितलं तर म्हणाला, वजन बघूनच घेतलंय. मग बाजूला घेऊन समजावायला लागला, की मागची लढत पहिल्याच राउंडमध्ये संपली, बघणाऱ्यांनी शिव्या घातल्या, यावेळी जरा लांबू दे. मी भावाला म्हटलं, चल घरी. त्याने माझ्याकडे न बघता मुठींना पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. गाव बघायला बसलंय, एवढंच बोलला.

पहिल्या राउंडमध्येच त्याची डावी भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं आणि त्या बाजूने येणारा ठोसा त्याला दिसेनासा झाला. समोरच्याने ते हेरलं. त्याच डोळ्यावर एक, बरगडीत एक, पुन्हा डोळ्यावर. भाऊ आडवा झाला आणि दोन म्हणेपर्यंत उभा. मी घसा फोडून ओरडत होतो, गुडघ्यावर राहा. दुसऱ्या वेळी तो तोंडावर पडला, दात ओठातून आरपार गेला, आणि तरी तो हात टेकत पुढे सरकला, अगदी मधली रेषा गाठायची असल्यासारखा. उठला. तोंड घट्ट मिटलेलं, छाती फुगलेली. हा माणूस आता बॉक्सिंग खेळतच नव्हता.

दुसऱ्या राउंडमध्ये त्याचे हात खाली आले. आमच्यात कोपऱ्यातल्या माणसाने टॉवेल आत टाकला की लढत संपली, मग काही विचारायचं नसतं. मी टाकला. तो रेफरीच्या पायाशी पडला. रेफरीने आयोजकाकडे बघितलं. आयोजक कॅमेऱ्याच्या मागून वाकत आला आणि बुटाने तो टॉवेल दोराखालून बाहेर ओढला.

त्यानंतर तीन ठोसे बसले. पोत्यावर काठी मारावी तसे आवाज होते ते, कारण ज्याला मारत होते तो आता आत नव्हता, नुसता उभा होता. मी दोरातून आत घुसलो. एक ठोसा माझ्या कानावर बसला. भावाला खाली पाडून मी त्याच्यावर पालथा पडलो, आणि माझ्या अंगाखाली तो उठायला धडपडत होता. त्याला झोळीत घालून बाहेर नेल्यावर मी आयोजकाला गाठला आणि त्याचा जबडा हलेपर्यंत मारला. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. समोरचा गडी कोपऱ्यात ग्लोव्हज न काढता रडत होता. मला म्हणाला, ते थांबवत नव्हते, मी काय करणार. त्याचंही खरं होतं.

पनवेलला ऑपरेशन करून डोक्यात साकळलेलं रक्त काढलं. जीव वाचला. डाव्या डोळ्याची नजर गेली. बोलायला लागला तेव्हा पहिलं वाक्य मलाच ऐकवलं, "दादा, मी उभा व्हतो ना. मंग कशाला घुसलास?"

बघणाऱ्यांचं म्हणणंही तेच. लढत मध्येच मोडली म्हणून लोकांनी पैसे परत मागितले, मला फितूर म्हणाले. त्यात आमच्या गावचेही होते. बॉक्सिंगचं यातून वाटोळं होतंय का, असं रोह्यात चहाच्या टपरीवर मला अजून विचारतात. मी विचारणाऱ्याला सांगतो, पैसे भर, पण दोराला छाती लावून उभा राहा.

काकी दवाखान्यात रोज यायची, माझ्याशी बोलायची नाही. मला वाटलं, उशिरा घुसलो म्हणून राग असेल, आणि तो मी मुकाट सोसणार होतो. एके दुपारी तो झोपलेला असताना ती माझ्या बाजूच्या बाकावर येऊन बसली. टॉवेलचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पडद्यावर तो दिसलाच नव्हता. दिसत होता फक्त तिचा मुलगा, पडणारा आणि उठणारा, आणि समाजमंदिरात सगळं गाव उठ उठ म्हणून ओरडत होतं.

"मी पन वरडत व्हते," ती म्हणाली. "उठ म्हनून. सगल्यांच्या वरती माझा आवाज."

तिने पदराने तोंड पुसलं.

"त्याला आयकू गेला आसंल काय रं?"

"नाय गो काकी," मी म्हटलं. "तिकडचा हिकडं काय आयकू येत नाय."