चौदाव्या बाईची टिकली

उमरग्याच्या अलीकडं इरम्माची चौदा बायकांची टोळी सोयाबीन काढायला जाते. रानं सगळी एकदमच पिकतात आणि ज्याला त्याला टोळी उद्याच पाहिजे असते! इरम्मा मुकादम. तिला लिहिता येत नाही, पण डोकं असं की मास्तरानं तोंडात बोट घालावं. प्रत्येकीला तिनं एकेका रंगाची बारीक टिकली ठरवून दिलेली. जी कामाला गेली, तिची टिकली भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर चिकटायची. सलग सहा झाल्या की सातव्या दिवशी सक्तीची सुट्टी, मग शेतकरी कितीही आदळआपट करो.

पण टिकल्या तेराजणींच्याच. चौदावी मथुराबाई, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. विधवेची कसली टिकली? कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. कुणी सुट्टीवर गेली की इरम्मा खुशाल म्हणायची, "मथुरामावशी हायत की!" मावशींच्या तोंडून नाही हा शब्द कधी आलाच नाही.

यंदा भर उन्हात मावशी विळ्यासकट सोयाबीनच्या ओळीत आडव्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सलग किती दिवस राबतायत या?" तेराजणींचं इरम्माला तोंडपाठ होतं. मावशींचं ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन ती कॅलेंडरपुढं बसली. कुणाच्या सुट्टीला बदली कोण गेलं, आठवून आठवून बोटांवर मोजत गेली. बावीस दिवस! तिनं कपाळावर हात मारला आणि ती हमसून हमसून रडली. "बाकीच्यांचा इसावा ह्या म्हातारीच्या अंगातनं काढला गं म्या!"

चार दिवस मावशींच्या जिवाचं काही खरं नव्हतं. पाचव्या दिवशी त्या उठून बसल्या. मग घरी आल्या, तेव्हा शेतकरी आण्णासाहेबांचा फोन आला. शेंगा तडकायला लागल्या, उद्याच्या उद्या चौदाजणी पाहिजेत. "तेराच येतील," इरम्मा म्हणाली, "अन् त्याबी परवा. उद्या समद्यांचा इसावा." तिनं फोन ठेवला आणि कॅलेंडर, टिकल्यांची पाकिटं घेऊन मावशींचं घर गाठलं.

"मावशी, तुमचा रंग सांगा."

मावशींचा हात आपसूक मोकळ्या कपाळाकडं गेला. "लोक काय म्हणतील गं?"

"लोकांनी तुमास्नी मोजलं कवा? म्या तरी कुठं मोजलं?"

मावशी बराच वेळ पाकिटं चाळत बसल्या. मग त्यांनी अजून कुणालाच न दिलेलं लाल उचललं. इरम्मा तारखेवर बोट ठेवत गेली आणि मावशी एकेक टिकली लावत गेल्या. बाविसावी लावून झाल्यावर त्यांनी कॅलेंडर जरा लांब धरलं.

"एवढं केलं व्हय म्या?" त्या म्हणाल्या.