सांध्याजवळची जागा

नव्वदच्या दशकात आमचा मळा नदीपलीकडे होता आणि नाशकात यायला एकच जुना पूल. पुलाच्या मधोमध सांध्याची लोखंडी पट्टी वर आली होती. स्कूटर असो की ट्रक, तिथं प्रत्येकाला ब्रेक दाबावाच लागे. आई नेमकी तिथंच, कठड्याला पाठ लावून, फुलांची पाटी मांडून बसायची. शेजारी दुसऱ्या वस्त्यांवरच्या आणखी चार मळेवाल्या बाया. गिऱ्हाईक स्कूटरवरून उतरायचं नाही. एक पाय टेकवून पानात बांधलेली पुडी घ्यायचं आणि निघायचं. कुणाला मंगळवारी दुर्वा, कुणाला गुरुवारी पिवळी शेवंती, सगळं आईला तोंडपाठ. लांबून स्कूटरचा आवाज ओळखून ती पुडी हातात तयार ठेवायची.

मला मात्र त्या जागेची धडकी भरे. एकदा एका टेम्पोनं तिची पाटी उडवली, झेंडू चाकांखाली चिरडला, आई जेमतेम वाचली. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. शिकलेला, म्हणून शहाणाही. नव्या पुलासाठी आमच्या वस्तीतले लोक अर्ज करणार होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून तो मी लिहिला. वाहनांना वेगळा पूल, चालणाऱ्यांना वेगळा. वर माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: वाहनांना पुलावर मध्येच थांबू देऊ नये.

काही वर्षांनी सगळं अगदी तसंच झालं. जुना पूल पाडला. नव्या पुलावर ना पट्टी ना खड्डा, गाड्या सुसाट. शेजारी चालणाऱ्यांचा अरुंद पूल, निळ्या रेलिंगचा, देखणा. आई हौसेनं तिथं जाऊन बसली. "पायी जाणारी माणसं हायेत म्हटल्यावर फुलं घेतीलच ना," म्हणाली.

पायी जाणारे होते कोण? सकाळचे फिरायला येणारे, ज्यांच्या अंगणात जास्वंद होती, आणि डबा घेऊन कामावर पळणारे मजूर. फुलं घेणारा माणूस स्कूटरवर होता, वीस हात लांब, दोन रेलिंगांच्या पलीकडे. आई अजून आवाज ओळखायची. "तो गेला बघ दुर्वावाला," म्हणायची आणि सवयीनं बांधलेली पुडी पुन्हा पाटीत ठेवायची. दुपारी पाटी तशीच घरी यायची. एकेक करत बाकीच्या बाया उठल्या. दोघी तर दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जाऊ लागल्या. वाटेत भेटल्या की कौतुकानं माझ्या नोकरीचं विचारायच्या, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

कामावर जाताना मी नव्या पुलावरूनच जायचो. पलीकडे आई एकटी दिसायची. वेग कमी केला की मागून हॉर्न वाजे आणि मी पुढं निघून जाई. स्वतःचाच असा संताप यायचा की दिवसभर कुणाशी धड बोलवत नसे.

शेवटी एका सकाळी ती गेलीच नाही. रिकामी पाटी भिंतीला उभी करून ओट्यावर बसून राहिली. मी धीर करून म्हणालो, "आई, तो अर्ज मी लिहायला नको होता."

"हळू बोल," ती दाराकडे बघत म्हणाली. "तू लिव्हला व्हता, हे त्या बायांना मी अजून सांगितलं नाय."